दोन टक्क्यांचे पुण्य आणि भट्टीचा हिशेब

सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च आणि कार्बन उत्सर्जनातील कपात ही उद्योगांची दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत. रायपूरच्या पोलाद पट्ट्यात त्यांची सरमिसळ होते. त्याच वाटेवर निघालेल्या विदर्भाने ती वेळीच ओळखायला हवी.

रायपूरमधील समता कॉलनी ही व्यापारी, उद्योजक आणि सनदी लेखापाल यांची घरे व कार्यालये एकमेकांना लागून असलेली वसाहत आहे. शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ असल्याने रायपूरच्या मराठी कुटुंबांनाही हा भाग परका नाही. येथून बिलासपूरच्या दिशेने निघाले, की वीस किलोमीटरच्या आत बिरगाव, उरला आणि सिलतरा हा औद्योगिक पट्टा लागतो. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, इंडक्शन फर्नेस, रोलिंग मिल, फेरो अलॉयचे कारखाने आणि त्यांना वीज देणारी कोळशावरची छोटी केंद्रे तेथे दाटीने उभी आहेत. धुराडी तिकडे आणि हिशेबाच्या वह्या इकडे, अशी ही विभागणी आहे. आर्थिक वर्ष संपल्यावर या उद्योगांचे जे वार्षिक अहवाल तयार होतात, त्यांत सामाजिक उत्तरदायित्वाचे एक परिशिष्ट असते. शाळेला बाके, आरोग्य शिबिर, वृक्षारोपण अशा नोंदी त्यात रकमेसह येतात. त्या वर्षी आपल्या भट्टीतून किती कार्बन हवेत गेला, ही नोंद करण्याची सक्ती मात्र यांतील बहुतेक मध्यम कंपन्यांवर नाही. दानाचा हिशेब पै-पैशाने द्यायचा आणि धुराचा हिशेब मागायचाच नाही, या विसंगतीचा विचार आता व्हायला हवा.

सामाजिक उत्तरदायित्वाची, म्हणजे सर्वत्र रूढ झालेल्या 'सीएसआर'ची, तरतूद कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मध्ये आहे. ती १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजोपयोगी कामांवर खर्च करावेत, अशी मूळ कायद्याची रचना आहे. नफ्यातील ठरावीक हिस्सा समाजासाठी खर्च करण्याचे बंधन कायद्याने घालणाऱ्या जगातील मोजक्या देशांत भारत अग्रभागी गणला जातो. पहिल्या वर्षी सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा असलेला हा खर्च दहा वर्षांत तीस हजार कोटींच्या वर गेला आहे. त्याचा मोठा भाग शिक्षण आणि आरोग्याकडे जातो. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणीय शाश्वतता, नैसर्गिक साधनसंपत्तीचे जतन आणि माती, हवा व पाणी यांची गुणवत्ता राखणे या कामांचाही समावेश आहे.

या शेवटच्या तरतुदीमुळेच एक गैरसमज रुजला आहे. पर्यावरण हा विषय अनुसूचीत आहे, आपण दरवर्षी त्यावर काही लाख रुपये खर्च करतो, म्हणजे हवामान बदलाविषयीचे आपले कर्तव्य पार पडले, असे अनेक उद्योजक प्रामाणिकपणे मानतात. कायदा मात्र तसे म्हणत नाही. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम सीएसआर ठरत नाही, हे नियमांतच नमूद आहे. दुसऱ्या एखाद्या कायद्याने बंधनकारक केलेली जबाबदारी पूर्ण करण्यासाठी केलेला खर्चही त्यात धरता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर या निधीतून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरणाच्या, नोंदणीकृत सेवाभावी संस्थेच्या किंवा लाभार्थ्यांच्या मालकीची असावी लागते. याचा सरळ अर्थ असा, की कारखान्याच्या छपरावर सौर तावदाने बसवणे, भट्टीची उष्णता वापरात आणणे किंवा धूळ रोखणारे यंत्र सुधारणे ही कामे सीएसआरमधून होऊ शकत नाहीत. पर्यावरण मंजुरीच्या अटीनुसार कारखान्याच्या आवारात वाढवावा लागणारा हरितपट्टाही त्यात बसत नाही. कायद्याने दोन वह्या वेगळ्या ठेवल्या आहेत. एक वही समाजाला काय दिले याची आहे. दुसरी, समाजावर काय लादले याची, अजून बहुतेकांनी उघडलेलीच नाही.

ही दुसरी वही कशी दिसेल, हे समजण्यासाठी रायपूरचा पोलाद उद्योग कसा चालतो ते पाहणे आवश्यक आहे. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ मध्ये सुरू झाला आणि छत्तीसगढच्या लोहखनिजाला, कोरब्याच्या कोळशाला आणि रायपूरच्या व्यापाराला एकत्र आणणारी औद्योगिक परंपरा निर्माण झाली. २००० मध्ये स्वतंत्र राज्य झाल्यावर खासगी स्पंज आयर्न उद्योग झपाट्याने विस्तारला. भारत आज स्पंज आयर्नचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक आहे. इतर देशांत हा पदार्थ मुख्यतः नैसर्गिक वायूच्या साह्याने बनतो. आपल्याकडे वायूची टंचाई असल्याने त्याचा बहुतांश भाग कोळशावर बनतो. लांब, कलत्या, फिरत्या भट्टीत लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट सोडतात. कोळशातील कार्बन खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि सच्छिद्र लोह उरते. हे लोह भंगारासह इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवतात, त्याचे बिलेट ओततात आणि रोलिंग मिलमध्ये त्यापासून बांधकामाच्या सळया तयार होतात. एक टन स्पंज आयर्न बनवताना ढोबळमानाने एक टन किंवा त्याहून थोडा अधिक कोळसा लागतो आणि दीड ते दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुढे वितळवण्यासाठी टनामागे सहाशे युनिटांच्या आसपास वीज लागते. ती वीज कोळशावरची असेल, तर तिचा कार्बन वेगळा.

आता एक साधा हिशेब मांडू. रोज १०० टन स्पंज आयर्न काढणारी एक भट्टी वर्षातून ३०० दिवस चालली, तर तिचे उत्पादन ३० हजार टन होते आणि उत्सर्जन सुमारे ५० हजार टन. या कंपनीचा सरासरी नफा पाच कोटी रुपये असेल, तर तिचा सीएसआर निधी होतो दहा लाख रुपये. तो संपूर्ण निधी वृक्षारोपणाला दिला आणि रोप, कुंपण, पाणी व निगा मिळून झाडामागे दोनशे रुपये खर्च धरला, तर पाच हजार झाडे लागतील. ती सगळी जगली आणि मोठी झाली असे मानू. पूर्ण वाढलेले झाड वर्षाला साधारण वीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषते, असे धरले तर या पाच हजार झाडांनी वर्षाला शंभर टन शोषला. भट्टीच्या उत्सर्जनाचा हा पाचशेवा हिस्सा आहे. सगळे उत्सर्जन झाडांवर सोपवायचे म्हटले, तर एकाच लहान भट्टीसाठी पंचवीस लाख झाडे, म्हणजे हेक्टरी हजार झाडे धरून अडीच हजार हेक्टर जमीन लागेल. झाडे लावावीत, सावली, माती, पाणी आणि पाखरे यांसाठी ती हवीतच. पण भट्टीच्या धुराची भरपाई म्हणून ती दाखवणे अंकगणिताला धरून नाही.

त्याच भट्टीच्या दुसऱ्या टोकाला काय करता येते, ते पाहण्यासारखे आहे. फिरत्या भट्टीतून बाहेर पडणारे वायू अत्यंत तप्त असतात. ते तसेच थंड करून सोडून देण्याऐवजी त्यांच्यावर बॉयलर चालवला, तर १०० टनांच्या भट्टीमागे सुमारे दोन मेगावॅट वीज मिळू शकते. ३०० दिवसांत ही वीज सुमारे एक कोटी ४४ लाख युनिट होते. देशाच्या विजेत युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. म्हणजे या एका बॉयलरने वर्षाला सुमारे दहा हजार टन उत्सर्जन टळते. एवढ्यासाठी पाच लाख मोठी झाडे लागली असती. शिवाय त्या विजेचे पैसे दरवर्षी वाचतात. मोठ्या कंपन्यांनी हे तंत्र केव्हाच स्वीकारले आहे. बिलेट निववून पुन्हा तापवण्याऐवजी गरम असतानाच थेट रोलिंगला पाठवण्याची पद्धत हा दुसरा उपाय. तिच्यामुळे पुन्हा तापवण्याच्या भट्टीतील इंधन वाचते आणि रायपुरातील अनेक मिलना ती परिचित आहे. भंगाराचा वाटा वाढवणे, खनिजाच्या चुऱ्यापासून बनवलेले चांगल्या प्रतीचे पेलेट वापरणे, मोटारी व पंख्यांच्या वेगावर नियंत्रण ठेवणे आणि विजेचा काही भाग सौर प्रकल्पांतून घेणे हे उपायही प्रयोगशाळेतले राहिलेले नाहीत. हरित ऊर्जेच्या मुक्त वापरासाठीची पूर्वीची एक मेगावॅटची अट जून २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॅटवर आणली. त्यामुळे मध्यम उद्योगालाही सौर वीज थेट विकत घेण्याचा मार्ग मोकळा झाला आहे.

क्षमता नाही, हे कारण येथे पुरेसे पटत नाही. सिलतऱ्यातील गोदावरी पॉवर अँड इस्पातच्या समूहाने २०१३ मध्ये राजस्थानात ५० मेगावॅटचा सौर औष्णिक प्रकल्प कार्यान्वित केला होता. तेव्हा हे तंत्र देशात अगदी नवे होते आणि त्या राष्ट्रीय योजनेतील अनेक प्रकल्प रखडले होते. रायपूरच्या उद्योजकात तांत्रिक धाडस आणि भांडवल उभे करण्याची हातोटी आहे, याचा हा पुरावा आहे. लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की असा प्रकल्प परोपकार म्हणून उभा राहत नाही. तो गुंतवणूक म्हणून उभा राहतो, कर्जाने आणि भागभांडवलाने, परताव्याचा विचार करून. उत्सर्जन कपातीची जागा तीच आहे. ती संचालक मंडळाच्या भांडवली अंदाजपत्रकात असायला हवी. सीएसआर समितीच्या विषयपत्रिकेवर ती गेली, की दहा लाखांच्या मर्यादेत अडकते.

उद्योजकांचे म्हणणे तरीही ऐकून घेतले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. सळईच्या बाजारात नफ्याचे प्रमाण तुटपुंजे असते आणि भाव खाली-वर होत राहतात. कोळसा आणि खनिज यांच्या पुरवठ्यात अनिश्चितता असते. लहान भट्टीला बॉयलरचा खर्च मोठ्या भट्टीच्या तुलनेत टनामागे जड जातो. बँका जमीन आणि यंत्रे तारण घेतात. वाचणाऱ्या विजेवर कर्ज देण्याची सवय त्यांना अजून लागलेली नाही. नैसर्गिक वायू परवडत नाही आणि हरित हायड्रोजन या उद्योगाच्या आवाक्यापासून दूर आहे. हजारो कामगारांची रोजी या भट्ट्यांवर आहे. देशाला २०३० पर्यंत ३० कोटी टन पोलाद क्षमता गाठायची आहे आणि त्या उद्दिष्टात या मध्यम व लहान कारखान्यांचा वाटा गृहीत धरलेला आहे. अशा स्थितीत उद्यापासून कोळसा बंद करा, असे सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण येथे कोणी ते सांगतही नाही. कोळशावरच चालणाऱ्या भट्टीत जी उष्णता, जी वीज आणि जे इंधन आज वाया जाते ते वाचवा, आणि किती वाचले ते मोजून सांगा, एवढीच ही मागणी आहे.

मोजण्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सध्याच्या व्यवस्थेतील पोकळी नेमकी तेथेच आहे. 'सेबी'ने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. त्यात उत्सर्जनाची माहिती द्यावी लागते. सिलतरा आणि उरल्यातील बहुतेक कारखाने खासगी मर्यादित कंपन्यांचे असल्याने या चौकटीच्या बाहेर राहतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ऊर्जा कार्यक्षमतेच्या 'पॅट' योजनेत पोलाद क्षेत्र होते. पण त्यात येण्यासाठी सुरुवातीची मर्यादा वर्षाला ३० हजार टन तेलाइतक्या ऊर्जावापराची होती, त्यामुळे लहान भट्ट्या सुटल्या. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. तिचाही पहिला भर मोठ्या घटकांवर आहे. परिणामी ज्या कंपनीला पाच कोटींच्या नफ्यावर दहा लाखांच्या दानाचा तपशील केंद्र सरकारला कळवावा लागतो, तिच्याच पन्नास हजार टन उत्सर्जनाची सार्वजनिक नोंद कोठेही नसते.

ही पोकळी यापुढे उद्योगालाच महागात पडणार आहे. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तरच त्या मालाला हरित म्हटले जाईल; १.६ टनांखाली असेल तर पाच तारे मिळतील. भारतीय पोलादाची सरासरी अडीच टनांच्या आसपास आहे. कोळशावरच्या स्पंज आयर्नचा वाटा जितका अधिक, तितके हे तारे दूर जातात. युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन आकारणीचा माहिती देण्याचा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आला आहे. सिलतऱ्याची सळई थेट युरोपात जात नसेल; पण या पट्ट्यातील पोलाद ज्या अभियांत्रिकी मालात जाते, त्याचा निर्यातदार उद्या पुरवठादाराकडे उत्सर्जनाचा आकडा मागेल. ज्याच्याकडे मोजलेला आकडा नसेल, त्याच्या माथी ठोकताळ्याचा आणि बहुधा वाढीव आकडा मारला जाईल.

मग सीएसआरच्या दोन टक्क्यांचे काय करायचे? त्यांचे खरे स्थान धुराड्याखाली राहणाऱ्या माणसांजवळ आहे. कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला खर्चात प्राधान्य द्यावे, असे कलम १३५ मध्येच म्हटले आहे. उद्योगाचे कार्यालय शहरातील वसाहतीत आणि भट्टी गावाजवळ असते, तेव्हा परिसर कोणता मानायचा? ज्या परिसरात आपण उठतो-बसतो, तेथील शाळा, सभागृह, उद्यान आणि उत्सव डोळ्यांसमोर असतात. निधी तिकडे वळणे मानवी स्वभावाला धरून आहे. परंतु छपरावर काळी भुकटी साचते ती बिरगाव, उरला आणि सिलतऱ्याच्या घरांच्या. धूळ रोखणारी ईएसपी यंत्रे वीज खातात आणि ती रात्री बंद ठेवली जातात, ही रायपूरकरांची जुनी तक्रार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत रायपूरचे नाव जगातील सर्वाधिक प्रदूषित शहरांत होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात छत्तीसगढमधील रायपूर, भिलाई आणि कोरबा या शहरांचा समावेश करावा लागला. हवामान बदलाच्या प्रतिकूल परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये अंतर्भूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केले. हा हक्क समता कॉलनीतील रहिवाशाला जितका आहे, तितकाच बिरगावच्या भाडेकरू कामगारालाही आहे.

या निधीतून गावोगावी हवा मोजणारी केंद्रे उभारून ती विद्यापीठाच्या किंवा नगरपालिकेच्या ताब्यात देता येतील. भट्टीजवळच्या वस्त्यांतील मुलांची आणि वृद्धांची फुप्फुसांची नियमित तपासणी करून तिची नोंद वर्षानुवर्षे ठेवता येईल. स्थानिक औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ऊर्जा लेखापरीक्षण, सौर यंत्रणा आणि बॉयलर देखभाल यांचे अभ्यासक्रम चालवता येतील, म्हणजे उद्या भट्टी बदलली तर कामगार उघड्यावर पडणार नाही. एकेकट्या कंपनीचे दहा लाख अपुरे पडतात. पण नियमांनी कंपन्यांना एकत्र येऊन प्रकल्प करण्याची मुभा दिली आहे. पन्नास कंपन्यांनी निधी एकत्र केला, तर पाच कोटी रुपयांचा दीर्घ मुदतीचा आरोग्य कार्यक्रम उभा राहतो. फलक आणि फीत यांच्यापेक्षा तो कमी दिसेल, पण जास्त टिकेल.

प्रादेशिक उद्योगांवर असे नियम लादणे व्यवहार्य नाही, या समजुतीला देशातच उत्तर मिळाले आहे. सुरतमध्ये २०१९ पासून कोळसा जाळणाऱ्या कापड प्रक्रिया कारखान्यांसाठी धूलिकणांच्या उत्सर्जनाचा बाजार चालवला गेला. प्रत्येक धुराड्यावर सतत मोजणारे यंत्र बसवले, एकूण धुळीवर मर्यादा घातली आणि ज्याने मर्यादेपेक्षा कमी सोडली त्याला उरलेला परवाना विकण्याची मुभा दिली. सहभागी कारखान्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली. हे कारखानदार कोणी बहुराष्ट्रीय नव्हते. रायपूरच्या उद्योजकांसारखेच मध्यम, घराण्याने चालवलेले व्यवसाय होते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०१७ मध्ये कारखान्यांना धुळीच्या प्रमाणानुसार एक ते पाच तारे देऊन ते लोकांसाठी खुले करण्याचा उपक्रम सुरू केला होता. दोन्ही प्रयोग धुळीचे होते, कार्बनचे नव्हेत. तरी त्यांतून एक गोष्ट सिद्ध झाली. विश्वासार्ह मोजमाप असेल आणि ते उघड असेल, तर मध्यम उद्योग बदलतात.

मराठी वाचकाने सिलतऱ्याची एवढी चिंता का करावी, असा प्रश्न कोणाला पडेल. नागपूर आणि रायपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते, हा इतिहास झाला. वर्तमान अधिक जवळचे आहे. नागपुरात मुख्यालय असलेल्या जयस्वाल निको उद्योगाचा पोलाद प्रकल्प सिलतऱ्यातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात स्पंज आयर्नच्या भट्ट्या अनेक वर्षे धगधगत आहेत आणि २००९ च्या केंद्रीय पाहणीत चंद्रपूरची गणना देशातील अतिगंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती. जालना हे इंडक्शन फर्नेस आणि सळयांच्या कारखान्यांचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत चंद्रपूरही आहे आणि जालनाही. आता सुरजागडच्या लोहखनिजावर आणि कोनसरीच्या प्रकल्पावर आधारून गडचिरोलीला पोलाद जिल्हा बनवण्याची घोषणा राज्य सरकारने केली आहे. रायपूरने पाव शतकापूर्वी ज्या टप्प्यावरून सुरुवात केली, त्या टप्प्यावर गडचिरोली आज उभी आहे. फरक इतकाच, की तेव्हा कार्बनची किंमत कोणी मोजत नव्हते. उभा राहिलेला कारखाना नंतर बदलणे खर्चिक असते. आराखड्यातच उष्णता वापरणारा बॉयलर, मोजणारी यंत्रे आणि हरित विजेची सोय असेल, तर तो खर्च कितीतरी कमी होतो. गडचिरोलीतही रुग्णवाहिका, शिष्यवृत्त्या आणि वृक्षारोपण यांच्या बातम्या येतील आणि त्या स्वागतार्हच असतील. धुराड्याचा आकडा मात्र त्यांच्यासोबत मागितला पाहिजे.

यासाठी धोरणकर्त्यांनी करण्यासारख्या गोष्टी फार नाहीत. ज्या कंपनीला सीएसआर लागू होतो, तिला त्याच अहवालात इंधन, वीज आणि त्यांवरून येणाऱ्या उत्सर्जनाचे एक पान जोडणे बंधनकारक करावे. कोळशाची बिले आणि विजेची देयके लेखापालाकडे असतातच. त्यांवरून टनांचा आकडा काढणे अवघड नाही आणि समता कॉलनीसारख्या वसाहतींतील लेखापालांना ते एका प्रशिक्षणात जमेल. आपल्या प्रक्रियेतील घट सीएसआर म्हणून दाखवता येत नाही, हा नियम वृक्षारोपणाच्या जाहिरातींनाही लागू करावा: सीएसआरमधून लावलेली झाडे भट्टीच्या उत्सर्जनातून वजा करून दाखवू नयेत. मध्यम उद्योगांच्या ऊर्जा बचतीसाठी केंद्राने २०२५ मध्ये व्याज सवलतीची योजना आणली आहे. ती औद्योगिक क्षेत्राच्या दारापर्यंत नेण्यासाठी राज्य सरकारांनी बँका आणि उद्योग संघटना यांना एकत्र बसवावे. आणि सरकारने स्वतःच्या खरेदीकडे पाहावे. रस्ते, पूल, मेट्रो आणि घरकुले यांसाठी देशातील सळईचा फार मोठा ग्राहक सरकारच आहे. निविदेत तारांकित पोलादाला टप्प्याटप्प्याने वाटा राखून ठेवला, तर बॉयलर बसवणाऱ्या कारखान्याला बाजारात त्याचे मोल मिळेल आणि न बसवणाऱ्याचे स्वस्त पोलाद त्याला मारणार नाही.

सेवाग्रामला राहून गांधीजींनी विश्वस्त वृत्तीची जी कल्पना मांडली, तिचा उल्लेख सीएसआरच्या भाषणांत हमखास होतो. त्या कल्पनेत संपत्तीचा काही भाग देऊन मोकळे होणे नव्हते. संपूर्ण व्यवसायच समाजाची ठेव म्हणून सांभाळणे होते. त्या कसोटीवर दोन टक्क्यांचा विनियोग हा प्रश्नाचा छोटा भाग ठरतो. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे कमावले, कोणाच्या श्वासावर आणि किती कोळशावर, हा मोठा भाग आहे. भारताने २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणातील उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवण्याचे आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचे वचन जगाला दिले आहे. ते वचन ग्लासगोमध्ये दिले गेले असले, तरी ते पाळले जाणार आहे सिलतरा, जालना, घुग्घुस आणि कोनसरी येथील भट्ट्यांत. तेथील उद्योजकाकडे देशाने पुढचे दान मागण्याआधी मागच्या वर्षीच्या धुराचा हिशेब मागावा. तो देण्याची कुवत त्याच्यात आहे. आजवर तो कोणी मागितला नाही, एवढेच.